घोड्यांच्या शर्यती पाहताना : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर घालवलेल्या एका रविवारविषयी लिहिले होते. त्या लेखात पैशांचा विषय जवळजवळ नव्हता. घोडे, माणसे आणि कठड्याशी उभे राहून पाहिलेल्या सात शर्यती एवढाच मजकूर होता. त्यावर नागपूर आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रे आली. ‘कोणता घोडा लावावा’ असे विचारणारे पत्र त्यांत एकच होते, याचे मला मनापासून समाधान वाटले. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

आम्ही चौघे मित्र फेब्रुवारीत इंडियन डर्बी पाहण्यासाठी मुंबईला जाण्याचा विचार करीत आहोत. आमच्यापैकी कोणीही आजवर रेसकोर्सच्या आत पाऊल टाकलेले नाही. तेथे दिवस कसा जातो आणि नेमके उभे कोठे राहावे?
– एक वाचक, धरमपेठ

इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला होते. चार वर्षांच्या घोड्यांची ही २४०० मीटरची शर्यत १९४३ साली सुरू झाली, आणि पहिल्याच वर्षी ती ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ नावाच्या घोडीने जिंकली होती. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असा चालतो आणि पावसाळ्यात शर्यती पुण्याला जातात. मला विचाराल तर पहिल्या खेपेला डर्बीचा दिवस निवडू नये. त्या दिवशी गर्दी इतकी असते की घोड्यापेक्षा पुढच्याची पाठच अधिक दिसते. जानेवारीतला एखादा साधा रविवार निवडावा, रेसकोर्स ओळखीचे करून घ्यावे आणि मग पुढच्या वर्षी डर्बीला जावे. तरीही डर्बीलाच जायचे ठरले असेल, तर रात्रीच्या गाडीने निघून सकाळी मुंबईत उतरावे आणि पहिल्या शर्यतीच्या आधी तासभर तरी आत शिरावे. दादरला गाडी बदलून पश्चिम रेल्वेच्या महालक्ष्मी स्थानकावर उतरले की मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पोशाखाचे आणि मोबाइलचे नियम प्रत्येक स्टँडप्रमाणे वेगळे असतात; ते तिकीट घेतानाच विचारून घ्यावेत.

आत गेल्यावर नवखा माणूस बिचकतो तो एका गोष्टीने: प्रत्यक्ष शर्यत फार थोडा वेळ चालते. १२०० मीटरची शर्यत सुमारे सत्तर सेकंदांत संपते, डर्बीसारखी २४०० मीटरची शर्यत अडीच मिनिटांच्या आसपास. आणि दोन शर्यतींच्या मध्ये अर्धा तास रिकामा जातो. हा अर्धा तास ज्याला वापरता येत नाही, तो तिकिटाच्या खिडकीकडे वळतो आणि संध्याकाळी कंटाळून किंवा खिसा हलका करून परततो. खरे पाहता रेसकोर्सवरचे निम्मे पाहणे त्या अर्ध्या तासातच असते. शर्यतीपूर्वी घोडे पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या गोल वाटेवर, मोतद्दारांच्या हाती धरून फिरवले जातात. तेथे दहा मिनिटे थांबावे. जॉकी स्वार होऊन ट्रॅककडे निघाले की लगेच कठड्याकडे जावे आणि विनिंग पोस्टच्या, म्हणजे अंतिम रेषेवरच्या खांबाच्या, थोडे अलीकडे जागा धरावी. शर्यत संपली की घोडे खोगीर उतरवण्यासाठी परत येतात, तेथे पुन्हा जावे. या तीन ठिकाणांमध्ये दिवसभर फेऱ्या मारल्या की बसायला खुर्ची मिळाली नाही याची आठवणही राहत नाही.

कठड्याशी उभे राहण्याचा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. घोडे स्टार्टिंग गेटमधून सुटतात ते बहुतेक वेळा मैदानाच्या पलीकडच्या अंगाला, आणि तेथून ते केवळ रंगांची एक सरकती पट्टी दिसतात. जॉकीच्या अंगावरचे रंग घोड्याच्या मालकाचे असतात, म्हणून नाव वाचण्याच्या फंदात न पडता टोपीचा रंग लक्षात ठेवावा. शेवटच्या वळणावरून घोडे समोर आले की प्रथम मागच्या स्टँडमधून आरोळी उठते. मग पायाखालची जमीन किंचित हलल्यासारखी वाटते आणि त्यानंतर टापांचा आवाज येतो, तोही वेगवेगळ्या टापांचा नव्हे, तर पत्र्यावर जोराचा पाऊस आल्यासारखा एकसंध. ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने तो घोळका आपल्यासमोरून दोन-तीन सेकंदांत निघून जातो. तेवढ्या क्षणात घोड्यांचे फुत्कार, चामड्याची करकर आणि एकमेकांना जागा मागणाऱ्या जॉकींचे ओरडणे ऐकू येते. दूरचित्रवाणीवर यांतले काहीही पोहोचत नाही.

माझे वडील म्हणतात की रेस म्हणजे जुगार, आणि त्या वाटेला गेलेले घर उभे राहत नाही. एक पैसाही न लावता केवळ पाहण्यासाठी जाणे शक्य आहे का?
– एक विद्यार्थिनी, महाल

शक्य आहे, आणि मी स्वतः अनेक वर्षे तसेच जातो. परंतु आपल्या वडिलांची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. माझ्या सख्ख्या काकांनी पुण्यात नोकरीला असताना दर शनिवार-रविवारी पगारातला हिस्सा तिकिटांवर घालवला, आणि काकूच्या पाटल्या मोडून झाल्या तेव्हा घरच्यांना पहिल्यांदा त्याचा पत्ता लागला. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी सावधपणे देतो.

घोड्यांच्या शर्यतींवरील पैज हा प्रामुख्याने कौशल्याचा भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तामिळनाडूतील एका खटल्यात दिला. आपल्या राज्यात या शर्यती १९१२ च्या रेसकोर्स परवाना कायद्याखाली चालतात. हे सारे खरे असले, तरी न्यायालयाने कौशल्य म्हटल्याने कोणाचाही खिसा वाचत नाही. टोटेची, म्हणजे सर्वांनी लावलेले पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटण्याची, रीत समजून घेतली की हे ध्यानात येते. समजा, ‘विन’च्या, म्हणजे पहिल्या येणाऱ्या घोड्यावरच्या, एकत्रित रकमेत एक लाख रुपये जमा झाले, वाटणीपूर्वीची कपात वजा जाऊन सत्तर हजार उरले, आणि जिंकलेल्या घोड्यावर लोकांनी वीस हजार लावलेले होते, तर दहा रुपयांच्या तिकिटाला पस्तीस रुपये मिळतात. त्याच घोड्यावर पन्नास हजार लागलेले असतील, तर दहाचे चौदाच होतात. म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणारा पैसा हा हरणाऱ्यांचाच असतो, आणि वाटणीपूर्वी त्यातून मोठा भाग बाहेर जातो. पैजेच्या रकमेवरील वस्तू व सेवा कर आधी २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर वेगळा. या हिशेबात सातत्याने पुढे राहणारा माणूस माझ्या तीस वर्षांच्या पाहण्यात नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या शहरापुरती स्पष्ट लिहितो. मुंबई-पुण्याच्या शर्यतींवर फोनवरून किंवा पानठेल्यामागे बसून पैसे घेणारा माणूस कितीही ओळखीचा असला, तरी त्याचा तो धंदा बेकायदा आहे. तेथे तिकीट नसते, दाद मागण्याची सोय नसते आणि उधारीची सवय मात्र हमखास लागते. काकांची सुरुवात अशाच उधारीने झाली होती.

प्रवेशाचे तिकीट घेऊन आत गेलेल्या माणसाला पैसे लावण्याची सक्ती कोणीही करीत नाही. मी लहानशी वही नेतो. पॅडॉकमध्ये घोडे पाहून पहिले तीन कोण येतील ते लिहितो आणि कारणही लिहितो: ‘चाल मोकळी’, ‘घाम फार’, ‘वजन जास्त’ असे. शर्यत झाल्यावर आपले कोठे चुकले ते ताडून पाहतो. वडिलांना बरोबर घेऊन जावे आणि त्यांच्याही हाती एक पेन्सिल द्यावी, असे मी सुचवीन.

मी शेतकरी आहे. बैलाची पारख मला आहे, आमच्या घरची जोडी शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, धावलेली आहे. रेसचा घोडा पाहताना काय पाहावे?
– एक वाचक, उमरेड

आपले पत्र मी दोनदा वाचले. बैलबाजारात उभा राहणारा माणूस निम्मे काम आधीच शिकलेला असतो, कारण दोन्हीकडे पहिली गोष्ट एकच पाहायची: चाल. घोडा सावकाश चालत असताना त्याच्या मागच्या पायाचा खूर पुढच्या पायाच्या ठशाच्या पुढे पडतो का, हे पाहावे. ज्याचा मागचा पाय असा सहज पुढे पडतो, त्याचे पुठ्ठे मोकळे आहेत असे समजावे. जो तोकडी पावले टाकतो, मान वर-खाली करीत एखाद्या पायावर भार टाकायचे टाळतो, तो दिसायला कितीही देखणा असला तरी त्या दिवशी त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

त्यानंतर अंग पाहावे. बैलाच्या बाबतीत भरलेले अंग आपल्याला आवडते. धावेच्या घोड्याच्या बाबतीत ते उलट आहे. कातडी रेशमासारखी चमकावी, शेवटच्या दोन-तीन बरगड्या अस्पष्ट दिसाव्यात आणि पुठ्ठ्यावरचा स्नायू चालताना कातडीखाली वेगळा सरकताना दिसावा. पोट सुटलेला घोडा बहुधा बरीच विश्रांती घेऊन आलेला असतो. घामाचेही दोन प्रकार आहेत. उन्हाच्या दिवशी मानेवर आलेला घाम स्वाभाविक आहे. पण मागच्या मांड्यांच्या मध्ये साबणासारखा पांढरा फेस आला असेल, तर त्या जनावराने आपली ताकद धास्तीपायी शर्यतीआधीच खर्च करायला घेतली आहे. कान पुढे-मागे हलत असतील तर लक्ष आहे. सतत मागे चिकटलेले असतील आणि शेपूट फटकारत असेल तर राग आहे.

काही घोड्यांच्या डोळ्यांना झापडे लावलेली दिसतील. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ ३५० अंशांचे दिसते, म्हणजे अगदी पाठीमागचा थोडा पट्टा सोडल्यास सारेच. मागून येणाऱ्या घोड्याला पाहून जो बिचकतो किंवा रेंगाळतो, त्याला झापडे लावून केवळ पुढचा रस्ता दाखवतात. आणि शर्यतीच्या पुस्तिकेत प्रत्येक घोड्यासमोर लिहिलेले वजन पाहायला विसरू नये. हँडिकॅप प्रकारच्या शर्यतींत चांगल्या घोड्याला अधिक ओझे देऊन सर्वांना शक्य तेवढे एका पातळीवर आणलेले असते. जॉकी हलका असेल तर खोगिराखालच्या कापडात शिशाच्या पट्ट्या घालून भरती करतात. आपल्या शंकरपटात जोड्यांची धाव घड्याळाच्या सेकंदांवर मोजली जाते आणि जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचे वजन कोणी विचारीत नाही. येथे मात्र शर्यतीआधी आणि नंतरही खोगिरासह जॉकीला काट्यावर उभे राहावे लागते. म्हणूनच, कोणी तिकीट घेतलेच असेल, तर हे वजन होऊन निकाल कायम झाल्याची घोषणा ऐकेपर्यंत ते फाडू नये.

शेवटी मोतद्दाराकडे पाहावे. पुण्यात एका ऑगस्टमध्ये बारीक पाऊस पडत होता आणि सर्वांत मागे आलेली एक तांबूस घोडी खोगीर उतरवायला आणली होती. तिच्या मोतद्दाराने आपल्या खांद्यावरचा पंचा काढून आधी तिचे कान आतून पुसले, मग डोळ्यांखालचा चिखल, आणि नंतर त्याच ओल्या पंचाने आपले तोंड. त्या वेळी सारे लोक जिंकलेल्या घोड्याकडे धावले होते. आपल्यासारखा बैलांत वाढलेला माणूस तेथे असता, तर तो माझ्या शेजारीच थांबला असता, याची मला खात्री आहे.

गेल्या वर्षी पुण्यात एका शर्यतीचा निकाल फोटोवर गेला. मी पोस्टच्या अलीकडे उभा होतो आणि कडेचा, आमच्या बाजूचा घोडा जिंकला असे मी शपथेवर सांगत होतो. माझे मेहुणे पोस्टच्या पलीकडे होते आणि ते आतला घोडा जिंकला म्हणत होते. निकाल त्यांच्या बाजूने लागला. माझे डोळे इतके कसे फसले?
– एक वाचक, मनीषनगर

आपले डोळे फसले नाहीत. उभे राहण्याची जागा फसवी होती, आणि तितकीच फसवी आपल्या मेहुण्यांचीही होती. दोन घोडे अगदी बरोबरीने रेषेवर असतील, तर रेषेच्या अलीकडे उभ्या असलेल्या प्रेक्षकाला तिरप्या नजरेमुळे जवळचा घोडा पुढे दिसतो आणि रेषेच्या पलीकडे उभ्या असलेल्याला दूरचा घोडा पुढे दिसतो. बसमधला वेगाचा काटा चालकाला वेगळा आणि शेजारच्याला वेगळा दिसतो, तसाच हा प्रकार आहे. खरे कोण पुढे आहे हे फक्त रेषेच्या अगदी समोर असलेल्यालाच दिसते. म्हणून पंचाची जागा तेथे असते आणि कॅमेराही तेथेच असतो.

हा कॅमेरा आपल्या नेहमीच्या कॅमेऱ्यासारखा नसतो. तो एका अरुंद फटीतून फक्त अंतिम रेषा पाहतो आणि तेवढीच पट्टी अतिशय जलद, पुन्हा पुन्हा टिपून एकापुढे एक जोडत जातो. त्यामुळे त्या चित्रातली प्रत्येक उभी ओळ म्हणजे अंतिम रेषाच असते, फक्त वेगवेगळ्या क्षणांची. चित्रात डावीकडून उजवीकडे दिसते ते अंतर नसून काळ असतो. घोड्यांचे पाय त्यात कधी लांबलेले, कधी वाकलेले दिसतात, ते याच कारणाने. निर्णय नाकाच्या टोकावर होतो. पाय कोठे आहे याला महत्त्व नाही. दोन्ही नाके एकाच उभ्या रेषेवर आली तर ‘डेड हीट’ म्हणजे बरोबरी जाहीर होते. फरक सांगण्याची भाषाही घोड्याच्याच मापाची आहे: नाक, शॉर्ट हेड, डोके, मान, अर्धी लेंग्थ, लेंग्थ (म्हणजे घोड्याची पूर्ण लांबी). ही मापे एकदा कानात बसली की लाउडस्पीकरवरचे धावते वर्णन ऐकायला निराळीच गोडी येते.

घोड्याच्या धावण्याला कॅमेऱ्याशिवाय उत्तर नव्हते, असा आणखी एक जुना प्रश्न आहे. भरधाव घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात का, याचा वाद १८७८ साली अमेरिकेत छायाचित्रकार मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे मांडून मिटवला. सुटतात, पण चित्रकार दाखवत आले तसे पाय पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना.

घोड्यांना चाबकाने मारलेले पाहवत नाही. शिवाय पाय मोडलेल्या घोड्याला मारून टाकतात असे ऐकले. हे पाहायला लोक हौसेने जातात, याचे समर्थन आपण कसे करता?
– एक वाचिका, रामदासपेठ

पूर्ण समर्थन मी करीत नाही. चाबकावर आता बंधने आहेत. तो आत गादी भरलेला असतो आणि त्याचा वापर जास्त झाला तर स्ट्युअर्ड, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणारे अधिकारी, जॉकीला दंड करतात किंवा काही दिवसांसाठी स्वारी बंद करतात. ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट (अडथळे नसलेल्या) शर्यतीत सहा वेळांपेक्षा अधिक चाबूक वापरता येत नाही. माझे मत असे आहे की ही संख्या सर्वत्र कमी होत जावी आणि घोड्याला वेग देण्यासाठी चाबूक उगारण्याची रीत अखेर बंद व्हावी. चांगला जॉकी हातांनी आणि अंगाच्या लयीने घोड्याला पुढे नेतो, आणि तसे पाहणे प्रेक्षकालाही अधिक सुख देते.

दुसरा प्रश्न अधिक दुःखाचा आहे. साडेचारशे-पाचशे किलो वजनाचा हा प्राणी माणसासारखा महिनोन्‌महिने पडून राहू शकत नाही. एक पाय मोडला की सारा भार उरलेल्या तिघांवर येतो, त्या खुरांच्या आतील भागाला सूज येऊन त्यांचीही वाट लागते, आणि घोडा भयंकर वेदनेत सापडतो. काही अस्थिभंगांवर आता शस्त्रक्रिया होते. पण हाडाचे तुकडे झालेले असतील तर पशुवैद्याकडे वेदना थांबवण्याखेरीज दुसरा उपाय उरत नाही. ट्रॅकवर अशा घोड्याभोवती पडदा धरलेला मी पाहिलेला आहे. त्या दिवशी माझ्याभोवतीची माणसे पुढच्या शर्यतीचे भाव विचारीत होती, आणि ती गोष्ट मला आजही बोचते. धाव संपलेल्या घोड्यांचे काय होते, हा प्रश्नही प्रेक्षकांनी शर्यती भरवणाऱ्या क्लबांना विचारायला हवा. काही घोडे प्रजननासाठी जातात, काही घोडेस्वारीच्या शाळांत जातात, आणि सर्वांच्या नशिबी चांगले घर येत नाही. लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीसमोर उभा केलेला हाडकुळा घोडा आपल्या शहरातही दिसतो. त्याच्याविषयी कोणी पत्र लिहीत नाही. आपण लिहिले आहे, म्हणून आपणांस एवढेच विनवतो की, एकदा येऊन पाहावे आणि जे खटकेल ते क्लबाच्या कार्यालयात लेखी द्यावे.

नागपुरात रेसकोर्स नाही. मुंबई-पुण्यापेक्षा जवळ कोठे शर्यती पाहता येतील, आणि दुर्बीण न्यावी का?
– एक वाचक, कामठी

महाराष्ट्रात परवाना असलेली रेसकोर्स मुंबई आणि पुणे येथेच आहेत. आपल्याला सर्वांत जवळचे पडेल ते हैदराबादचे मलकपेठ. नागपूरहून ते सुमारे ५०० किलोमीटर आहे, म्हणजे रात्रीच्या गाडीने झोपेत संपणारे अंतर. तेथे पावसाळी आणि हिवाळी असे दोन हंगाम असतात. शर्यतीचे दिवस आधी पाहूनच तिकीट काढावे.

दुर्बीण अवश्य न्यावी, पण मोठी आणि जड नको. आठपट मोठे दाखवणारी पुरते. त्याहून शक्तिशाली दुर्बिणीत हात थरथरला की चित्रही थरथरते आणि धावता घोळका चौकटीतून निसटतो. दुर्बीण सुरुवातीला आणि समोरच्या वळणापर्यंत लावावी, घोडे सरळ रस्त्याला लागले की खाली घ्यावी आणि शेवटचे दोनशे मीटर उघड्या डोळ्यांनी पाहावे.